हिरवा दिवा आणि तीन ठोके

“फ्राऊ कुलकर्णी, ते पाय ठेवत नाहीयेत. तुम्ही ताबडतोब या.”

“कोण? कशावर?”

“वर्नाल. आपल्या लिफ्टवर. म्हणतात, हिरवा दिवा आहे, मी पाय ठेवणार नाही. संध्याकाळी सहाला प्रयोग आहे आणि थिएटरवाले माझ्या डोक्यावर बसलेत.”

फोनवर माझे बॉस होते, हेर ब्रांट, म्हणजे ब्रांटसाहेब. शनिवारची सकाळ. शनिवारी फोन करणारा जर्मन बॉस म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलंय हे समजून घ्यायचं. मी स्वयंपाकघरात थालीपीठं थापत होते. सासूबाई तीन महिन्यांसाठी सांगलीहून हॅम्बर्गला आमच्याकडे आल्या होत्या आणि त्यांनी आदल्या दिवशीच भाजणीचा डबा बाहेर काढून ठेवला होता. “आई, हे उलटा तेवढं, मी आलेच,” म्हणून मी पिठाच्या हातानेच जॅकेट घातलं. त्या मागून म्हणाल्या, “आलेच म्हणजे किती वाजता?” त्यांना माझा अनुभव आहे.

आता माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नाटकात एखादा माणूस भुईतून वर येतो किंवा बोलता बोलता खाली गडप होतो. ते करणारं यंत्र आमची कंपनी बनवते. मी मेकॅनिकल इंजिनिअर. आधी स्टुटगार्टजवळ ब्योब्लिंगेनला आठ वर्षं गाड्यांच्या सीटा पुढेमागे सरकवल्या, आता हॅम्बर्गमध्ये नट वरखाली सरकवते. यंत्राचं जर्मन नाव लांबलचक आहे, आम्ही लिफ्टच म्हणतो. मीटरभर लांबरुंद फळी, खाली दोरखंड आणि मोटर. फळी रंगमंचाच्या पातळीला आली की दोन बाजूंनी दोन पोलादी खिट्ट्या चौकटीत शिरतात. मग दोरखंड सैल होतात आणि सगळा भार त्या दोन खिट्ट्यांवर येतो. प्रत्येक खिट्टीला एक सेन्सर. दोन्ही सेन्सर ‘बसली’ म्हणाले, तरच फळीच्या कडेला बोटाएवढा हिरवा दिवा लागतो. हिरवा म्हणजे पाय ठेवा. ही लिफ्ट बसवून, तपासून, कागदांवर सही करून मीच दहा दिवसांपूर्वी थिएटरच्या ताब्यात दिली होती.

आणि लुसियाँ वर्नाल म्हणजे कोण, तर एकोणऐंशी वर्षांचे फ्रेंच नट. जर्मनीतल्या चाळिशीपुढच्या कुठल्याही माणसाला विचारा. लंगडत चालणारा पोलीस इन्स्पेक्टर, रविवारी दुपारी टीव्हीवर. थिएटरच्या दारावरचा म्हातारा गडी मला किल्ली देता देता म्हणाला, “सकाळी ते मला गुड मॉर्निंग म्हणाले. पण आवाज त्यांचा नव्हता हो!” इथे परदेशी सिनेमे जर्मन आवाज घालून दाखवतात. वर्नालना एकाच जर्मन नटाने तीस वर्षं आवाज दिला. त्यामुळे खरा आवाजच लोकांना खोटा वाटत होता.

मी आत गेले. वर्नाल पहिल्या रांगेत ओव्हरकोट घालून, हाताची घडी घालून बसले होते. समोर रंगमंचावर नवीन पाट्यांची जमीन. त्यांची मंडळी आपला सेट पॅरिसहून घेऊन आली होती आणि ही जमीन त्याच सकाळी ठोकून बसवली होती. मधोमध आमची फळी, कडेला इमानदारीत जळणारा हिरवा दिवा. थिएटरची मॅनेजरबाई घड्याळाकडे बघत येरझारा घालत होती.

“फ्रेंच नटांना हिरवा रंग अशुभ,” ती माझ्या कानात म्हणाली. “हिरवे कपडे नको, हिरवं काही नको. पण हा दिवा आहे, कपडा नाही! चारपर्यंत त्यांनी हो म्हटलं नाही तर मला तिकिटं परत करावी लागतील.”

“हा सीन गाळला तर?”

“गाळून उरतं काय? तोच तर शेवट आहे.”

ते खरंच होतं. स्क्रिप्टचं जर्मन भाषांतर मी लिफ्टचा वेग ठरवण्यासाठी वाचलं होतं. वर्नाल एकटेच रंगमंचावर उभे राहून स्वतःचं आयुष्य सांगतात. उत्तर फ्रान्समधल्या एका बंदराच्या गावातला बेकरीवाल्याचा मुलगा. बाप पहाटे दुकानाच्या जमिनीतलं दार उघडून तळघरात उतरायचा, पीठ मळायला. पोरगा मात्र सोळाव्या वर्षी गावात आलेल्या नाटक कंपनीच्या गाडीत बसून पळाला. पडदे ओढले, राजाच्या मागे भाला धरून उभा राहिला, विसराळू नटांना वाक्यं पुरवली, मग स्वतः मोठी कामं केली. पुढे सिनेमा, पुढे तो इन्स्पेक्टर. बाप गेला तेव्हा हे शूटिंगला होते. आणि शेवटी हा म्हातारा नट अंगात बापाचा एप्रन घालतो, त्या चौकोनावर उभा राहतो आणि हळूहळू खाली उतरतो. बाप उतरायचा तसा. बस, पडदा. हा दौरा संपला की ते काम थांबवणार होते, आणि हॅम्बर्गचा प्रयोग शेवटचा होता.

मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले. आमची भाषा जर्मन, दोघांचीही उसनी, त्यामुळे छान जमलं.

“हेर वर्नाल, दिवा निळा केला तर? मी वर निळा कागद चिकटवते. नियमात बसत नाही, पण मी लेखी परवानगी काढते.”

त्यांनी विचार केल्यासारखं केलं. “निळा नीट दिसणार नाही.”

“पांढरा?”

“डोळ्यात जाईल.”

“बंदच केला तर?”

“मग अंधारात मला कडा दिसणार नाही.”

इथे मला एकदम आईच आठवल्या. आमच्या घराजवळच्या उ-बानच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनात सरकता जिना आहे. आई त्यावर पाय ठेवत नाहीत. पहिल्या दिवशी म्हणाल्या, पदर अडकेल. दुसऱ्या दिवशी पंजाबी ड्रेस घातला, तर म्हणाल्या, चप्पल निसटेल. बूट घेऊन दिले, तर म्हणाल्या, सकाळपासून पोटात गोळाच आलाय. कारणं बदलत राहिली की समजायचं, खरं कारण त्यांत नाही. मागच्या वर्षी त्या सांगलीत देवळाच्या पायरीवरून पडल्या होत्या आणि ते आम्हाला शेजारणीकडून कळलं.

“तुम्ही कधी पडला होतात?” मी सरळ विचारलं.

वर्नालनी मान फिरवली. मॅनेजरबाईने माझ्याकडे असं बघितलं की मी जणू त्यांचं वय विचारलंय. मला वाटलं, झालं, चिडले. म्हणून मी आपला नेहमीचा उपाय काढला. उठले आणि म्हणाले, “बरं, मी दाखवते. मी सत्तर किलोची बाई आहे, त्या फळीवर उड्या मारते, मग तर पटेल?” आणि तरातरा रंगमंचावर चढले.

मागून पावलं आली, एक जोरात, एक हळू. फळीवर मी पाय टाकणार एवढ्यात त्यांनी माझं कोपर धरलं. एकोणऐंशीच्या माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

“नाही! आधी खालून बघा. कोणीतरी आधी खालून बघा!”

मग तिथेच, कडेच्या एका खोक्यावर बसून त्यांनी मला सांगितलं. सव्वीस वर्षांचे होते. एका लहान शहरात प्रयोग होता, हे विदूषक, हिरव्या कपड्यात. जमिनीतल्या चौकोनावर उडी मारायची आणि खाली जायचं. फळी वर आली की खालचा माणूस हिरवा दिवा लावायचा. दिवा लागला. यांनी उडी मारली. फळी नव्हतीच.

“चार मीटर,” ते म्हणाले. “दोन वर्षं पडून होतो. लोकांना आवडतो तो माझा लंगडा पाय, तो तिथला आहे. त्या पायामुळेच दिग्दर्शकाने मला इन्स्पेक्टर केलं. म्हणजे तक्रार कशाची करू?”

“मग नाटकात हे का नाही? सगळं आयुष्य आहे त्यात.”

“कारण कोणी मानलं नाही. खालचा माणूस म्हणाला, मी दिवा लावलाच नव्हता. कंपनीने कागदावर लिहिलं, नटाची चूक. प्यायला असेल, असंही कोणीतरी म्हणालं. मी दिवा पाहिला होता, मादाम. पण पन्नास वर्षं सगळे सांगतात की दिवे चुकत नाहीत. हळूहळू मलाही वाटायला लागलं की पाहिला नसेन. हिरव्या रंगाचं कारण सांगितलं की लोक हसतात आणि ऐकतात. हे सांगितलं की फक्त हसतात.”

माझ्या मनात मात्र इंजिनिअर जागी होती आणि ती म्हणत होती, बाबा रे, ती जुनी लाकडी यंत्रं होती, ही माझी लिफ्ट आहे. पण माणसाचं मन राखायला काय जातं? “बघते खालून,” म्हणून मी टॉर्च घेतला आणि जिना उतरले. नुसती वेळ काढायला गेले होते हो, खरं सांगते.

उजवी खिट्टी टॉर्चमध्ये चमकली. पूर्ण आत. डावीकडे टॉर्च फिरवला आणि वाकून पुन्हा बघितलं.

डावी खिट्टी दोन बोटं आत जायला हवी. ती जेमतेम नखभर गेली होती. सकाळी ठोकलेल्या नव्या जमिनीचा एक लांब स्क्रू आरपार येऊन नेमका चौकटीतल्या खिट्टीच्या भोकात उतरला होता आणि खिट्टी त्याला अडून बसली होती. दोरखंड सैल. म्हणजे फळी एका खिट्टीवर आणि एका नखावर उभी होती. कोणी पाय ठेवला असता तर डावी बाजू खाली, माणूसही खाली. आणि त्या सकाळपासून पाय ठेवायला निघालेली पहिली व्यक्ती मी होते.

वर हिरवा दिवा मजेत जळत होता.

कसा जळतोय? डावा सेन्सर ‘बसली नाही’ असंच ओरडायला हवा! मी कंट्रोलच्या कपाटाकडे गेले, दार उघडलं आणि उत्तर समोरच होतं. पिवळ्या वायरचा वीतभर तुकडा. माझाच.

याला आम्ही जंपर म्हणतो. लिफ्ट बसवताना डावा सेन्सर खराब निघाला होता. नवा यायला दोन दिवस होते आणि मला मोटरची चाचणी उरकायची होती. म्हणून मी सेन्सरच्या दोन टोकांना वायर जोडून कंट्रोलला खोटंच सांगितलं, ‘बसली रे बसली.’ सगळेच करतात. नियम एवढाच की कपाटावर लाल टॅग लटकवायचा, म्हणजे जंपर काढायचा राहत नाही. त्या दिवशी लाल टॅग संपले होते. मी काय केलं? पिवळी चिठ्ठी चिकटवली. तात्पुरती. सांगलीच्या मुलीला कुठे काही अडतं? नवा सेन्सर आला, माझ्या सहकाऱ्याने, टोर्स्टनने, बसवला. चिठ्ठी तोवर कधीतरी गळून पडली असणार. आणि आमच्याकडे नियम आहे की दुसऱ्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी बघून सही करायची. टोर्स्टनने ती सही कँटीनमध्ये सूप पिता पिता केली. “तुम्ही तपासलंय ना? मग बघायचं काय?” त्या विश्वासाचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

तिथेच पायरीवर बसले. कोणालाही न सांगता वायर उपटून खिशात घालता आली असती. स्क्रूचा दोष सेटवाल्यांचा, तो तर होताच. हा विचार आला, खोटं कशाला बोलू? पण वर एक माणूस बसला होता, ज्याच्या कागदावर पन्नास वर्षांपूर्वी कोणीतरी असंच सोयीचं लिहिलं होतं. मी हेर ब्रांटना फोन लावला.

“दिवा चुकीचा आहे. माझा जंपर आत राहिलाय. डावी खिट्टी बसलेली नाही.”

“कोणाला लागलं?”

“नाही. त्यांनी कोणालाच पाय ठेवू दिला नाही.”

“गॉट झाय डांक,” ते म्हणाले. देवाचे आभार. ब्रांटना मी देवाचं नाव घेताना पहिल्यांदाच ऐकलं. मग लगेच सूर बदलला. “काढा, दुरुस्त करा, पूर्ण चाचणी करा. टोर्स्टनला पाठवतो. आणि सगळं लिहा. जसं झालं तसं.”

टोर्स्टन तासाभरात आला, बागकामाच्या मातकट पँटवरच. कपाटातली वायर बघून त्याचे कान लाल झाले. स्क्रू कापला, जंपर काढला. मुद्दाम खिट्टी अडवून बघितली, दिवा लागला नाही. सोडली, लागला. फळीवर वाळूच्या पोत्यांचा ढीग रचून वीस वेळा वरखाली केलं. या खेपेला त्याने सही करण्याआधी दोन्ही खिट्ट्यांना हात लावून पाहिला. तोवर पावणेचार झाले होते.

मी वर गेले. वर्नाल तिथेच बसले होते.

“तुमचं बरोबर होतं,” मी म्हणाले. “दिवा लागला होता आणि खिट्टी बसली नव्हती. चूक माझी. आता दुरुस्त झालंय, पण तुम्ही नाही म्हणालात तरी मी एक शब्द बोलणार नाही.”

“दिवा लागला होता,” त्यांनी माझंच वाक्य परत म्हटलं, आणि डोळ्यांवर हात धरला. मला वाटलं आता ओरडतील. पण हात काढला तेव्हा ते हसत होते. आणि रडत होते. माझ्याही नाकाडोळ्यांतून धारा लागल्या.

“मी उतरेन,” ते म्हणाले. “पण दिवा बघून नाही. माणूस सांगेल तेव्हा.”

“मी खाली उभी राहते. दोन्ही खिट्ट्या डोळ्यांनी बघते आणि खालून ठोकते. किती वेळा?”

“तीन,” ते ताबडतोब म्हणाले. फ्रान्समध्ये नाटक सुरू होण्याआधी रंगमंचावर काठीने तीन ठोके देतात म्हणे. मी म्हटलं, चांगलंच आहे, आमच्या सांगलीलाही तिसरी घंटा झाल्याशिवाय कोणी जागेवर बसत नाही.

सहाला प्रयोग सुरू झाला. मी आणि टोर्स्टन खाली, हातात टॉर्च आणि लाकडी हातोडी. नाटक मी ऐकलं ते फळ्यांमधून. फ्रेंच मला कळत नाही, जर्मन ओळी झळकत होत्या त्या वर प्रेक्षकांसाठी, पण पावलं कळत होती. एक जोरात, एक हळू. लोक हसले की धूळ खाली पडायची. खरा आवाज त्यांना एव्हाना चालायला लागला होता.

शेवट आला. पावलं आमच्या डोक्यावर, कडेशी थांबली. आता इथे शब्द नाहीत, स्क्रिप्टमध्ये नुसतं एप्रन बांधणं आहे. पण ते बोलायला लागले. बराच वेळ बोलले. मी घाबरून टोर्स्टनकडे बघितलं. तो आखनचा, बेल्जियमच्या सीमेजवळचा, शाळेत फ्रेंच शिकलेला.

“काय चाललंय?”

“सव्विसाव्या वर्षाचं सांगताहेत,” तो पुटपुटला. “हिरवे कपडे. दिवा. पडले ते.” मग थोडं थांबून म्हणाला, “आता म्हणताहेत, आज माझ्यासाठी खाली कोणीतरी बघतंय.”

मी उजवी खिट्टी बघितली. डावी बघितली. पुन्हा डावी बघितली. आणि हातोडीने तीन ठोके दिले.

फळी किंचित कुरकुरली. त्यांनी पाय ठेवला होता. टोर्स्टनने बटण दाबलं. दोरखंड ताणले, खिट्ट्या मागे सरल्या आणि वरून उजेडाचा एक चौकोन घेऊन ते हळूहळू खाली आले, अंगात पांढरा एप्रन, डोळे मिटलेले. खाली टेकल्यावर एक डोळा उघडून म्हणाले, “मेर्सी, मादाम.” वर टाळ्या थांबत नव्हत्या. मी हातोडी खाली ठेवली. इतकं हलकं मला डिलिव्हरीनंतरही वाटलं नव्हतं.

सोमवारी अहवाल दिला. मला आबमानुंग मिळाली, म्हणजे लेखी ताकीद. टोर्स्टनलाही. नोकरी राहिली. हेर ब्रांट म्हणाले, तुम्ही स्वतः फोन केला नसता तर कागद वेगळा असता. आमच्या नियमपुस्तकात एक ओळ वाढली की सेटची जमीन ठोकल्यावर खिट्ट्या पुन्हा डोळ्यांनी बघायच्या. लाल टॅग संपले तर काम थांबवायचं, चिठ्ठी चालणार नाही, हेही आलं. आपल्याकडे तात्पुरतं म्हणून लावलेलंच सगळ्यात जास्त टिकतं, हे मला सांगलीत कळायला हवं होतं.

अहवालाची एक प्रत वर्नालनी मागितली होती. ब्रांटच्या परवानगीने पाठवली. ‘दिवा लागला होता. खिट्टी बसली नव्हती. चूक इंजिनिअरची, नटाची नाही.’ खाली माझी सही. महिन्याभराने त्यांचं पत्र आलं. तो कागद चौकटीत घालून त्यांनी भिंतीवर लावलाय, मिळालेल्या बक्षिसांच्या वरती. माझी नोकरीतली सगळ्यात मोठी चूक फ्रान्समध्ये एका दिवाणखान्यात लटकते आहे, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

आई अजून सरकत्या जिन्यावर पाय ठेवत नाहीत. मी आता आग्रह करत नाही. आम्ही शेजारच्या लिफ्टने जातो. आत गेल्यावर त्या विचारतात, “बघितलंस ना गं?” आणि मी दारावरचा तपासणीचा कागद, तारीख आणि सहीसकट, मोठ्याने वाचून दाखवते.